अर्धं बी

शिवरात्रीला थंडी 'शिव शिव' करत निघून जाते, असं आमच्याकडची म्हातारी माणसं सांगतात. उन्हाळी भाजीचं बी त्यानंतरच टोकावं, हा त्यांचा शिरस्ता. माझी आई मात्र रथसप्तमीलाच टोकून मोकळी होते.

तुम्ही म्हणाल, एवढी काय घाई? घाई विहिरीची आहे. सिन्नर तालुक्यातली आमची विहीर चैत्र सरता सरता तळाला जाते. भेंडी टोकल्यापासून पहिल्या तोड्यापर्यंत पन्नासेक दिवस लागतात. रथसप्तमी ते पाडवा बावन्न-त्रेपन्न दिवस होतात. म्हणजे पाडव्याला भेंडी बाजारात, आणि पुढे महिनाभर पाण्याची साथ. शिवरात्रीपर्यंत थांबलं की बावीस दिवस गेले. त्या बावीस दिवसांतच माझी फी असते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. कांदा-गहू दादांच्या हिशेबातला. विहिरीकडेचे दोन गुंठे आईचे. एफ.वाय.ची फी त्या दोन गुंठ्यांतून गेली, एस.वाय.ची गेली, टी.वाय.चीही तिथूनच जायची आहे.

पौष संपत आला की कामं सुरू होतात. पावट्याचे वेल उपटायचे, बियाण्यापुरते चांगल्या शेंगांचे दोन-तीन तेवढे वाळेपर्यंत ठेवायचे. वाफे खणून उन्हात तापू द्यायचे. शेणखत पुरतं कुजलेलं हवं; कच्च्या शेणाबरोबर हुमणी येते. भेंडीला सऱ्या, दोडक्या-कारल्याला आळी. कारल्याचं बी भारी टणक. आई त्याची कड दगडावर हलकेच घासते, रात्रभर कोमट पाण्यात भिजत घालते आणि ओल्या फडक्यात बांधून चुलीच्या उबेला ठेवते. (गॅस आला तरी आमची चूल गेलेली नाही, ती अशी कामाला येते.) त्याआधी दहा बिया वेगळ्या भिजवून पाहायच्या. सात-आठ मोडल्या तर बी चांगलं.

एवढं करूनही थंडी काही आईचं ऐकत नाही. भेंडीचं बी १७ अंश सेल्सिअसच्या खाली नीट उगवत नाही, आणि आमच्या शेजारच्या निफाडचा पारा तर दर हिवाळ्यात पेपरात येतो! आई पारा पाहत नाही. सकाळी दिवस उगवताना वाफ्यात चार बोटं खुपसते आणि तशीच उभी राहते. बोटं आखडली नाहीत तर टोकायचं. पण सगळं नाही. अर्धं. उरलेलं अर्धं राखेत घोळून परत गाडग्यात.

मी अकरावीत होते त्या वर्षी रथसप्तमीनंतर थंडी उलटली. भेंडीची एक ओळ वर आली नाही. आईने माती उकरून एक बी चिमटीत दाबलं, तर त्यातून पाणी निघालं. ती काही बोलली नाही. आठ दिवसांनी तिने गाडगं काढलं. त्या साली तोडे थोडेच मिळाले, बारावीची पुस्तकं मी जुनी घेतली. पण घेतली.

दादा म्हणतात, संकरित बी आण, माल एकसारखा निघतो. निघतोच, शेजाऱ्यांचा निघतो. आईचं म्हणणं, "इकतचं बी अर्धं कोन ठिवतं?" महागाची पुडी आणायची आणि थंडीत जुगार खेळायचा, हे तिला परवडत नाही. शिवाय संकरित वाणाचं बी धरलं तर पुढच्या वर्षी झाडं एकसारखी येत नाहीत. आमची भेंडी मूळची परभणीच्या कृषी विद्यापीठाची 'परभणी क्रांती'. ती सुधारित आहे, संकरित नव्हे, म्हणून तिचं बी धरता येतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपल्याबद्दल २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा मी आईला टीव्हीपुढे ओढत आणलं. आईने सगळं पाहिलं आणि विचारलं, "बी कशात ठिवत्यात म्हन त्या?"

यंदाही तिने रथसप्तमीलाच टोकलं आहे. हे लिहीपर्यंत भेंडीच्या दोन सऱ्यांना कोंब दिसू लागलेत. कारल्याची आळी वर आली, दोडक्याची तीन अजून गप्प आहेत. रात्री गोधडी अजून लागते. गाडगं चुलीमागच्या फळीवर आहे, आणि शिवरात्रीला बारा दिवस आहेत.