वहीतला ‘वि.’

अण्णांच्या गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात एक लांबट वही असायची. किराणा दुकानात उधारी मांडायला वापरतात तसली, लाल कापडी पुठ्ठ्याची. शेतीच्या औषधांच्या कामासाठी ते सातारा, सांगली, रत्नागिरी, रायगड असे चार जिल्हे फिरत आणि गेलेल्या प्रत्येक वाटेचं टिपण त्या वहीत करून ठेवत. निळी शाई, बारीक सरळ अक्षर. ‘बहादूरशेख नाक्यावरून कराड रस्ता धरणे. कुंभार्ली चढण्याआधी रेडिएटर पाहणे. पाटणला पेट्रोल.’ काही ओळींच्या शेवटी नुसतंच ‘वि.’ लिहिलेलं. लहानपणी मी समजत असे, ‘वि.’ म्हणजे विश्रांती; कारण तिथे गाडी थांबायची आणि पुष्कळदा चहा व्हायचा. ‘विचारणे’ हा त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. वाट पाठ असली तरी त्या ठिकाणी थांबून कुणाला तरी विचारायचं, अशी ती खूण होती.

ती वही आता माझ्या गाडीत आहे. आणि समोर काचेला चिकटवलेल्या स्टँडमध्ये मोबाइल आहे, त्यात एका बाईचा मराठी आवाज. ‘पाचशे मीटरवर डावीकडे वळा.’

या आवाजाचं ऋण आधी सांगायला हवं. मी गाडी शिकले चाळिशीत. शहराबाहेर एकटीनं जायची हिंमत होत नसे. गाडीची भीती नव्हती, वाट चुकण्याची होती. अण्णा काच खाली करून कुणालाही हाक मारत, ‘ओ पाव्हणं, हा रस्ता कुठं निघतो?’ बाईला रात्रीच्या वेळी तसं करता येत नाही. आपण इथल्या नाही, एकट्या आहोत आणि पुढचं काही ठाऊक नाही, हे सगळं त्या एका प्रश्नात सांगून टाकल्यासारखं होतं.

आई तेव्हा कोल्हापुरात मामाकडे होती. रात्री साडेदहाला मामाचा फोन आला की तिला दवाखान्यात हलवलंय. मी तशीच पुण्याहून निघाले. हायवे सोपा होता. कठीण होतं ते शहरात शिरल्यावरचं. पहाटे अडीचची वेळ, शटरं ओढलेली दुकानं, सगळे चौक एकसारखे, कोपऱ्याकोपऱ्यावर कुत्री. त्या आवाजानं मला एकेक वळण सांगितलं. एका ठिकाणी मी चुकले, तर तो क्षणभर थांबला आणि नवी वाट सांगू लागला. बोल लावला नाही, घाई केली नाही. दवाखान्याच्या दारात गाडी उभी केली तेव्हा ध्यानात आलं, पूर्ण वाटेत मी काच एकदाही खाली केलेली नव्हती. आई जागी होती. ‘एकटी आलीस?’ एवढंच म्हणाली आणि माझा हात धरून ठेवला. या यंत्राविषयी कुणी सरसकट वाईट बोलू लागलं की मला तो हात आठवतो.

नंतर मी त्याच्याविषयी वाचत गेले. वाटायचं की वर कुणीतरी आपल्याकडे बघतंय. तसं नाही. आपल्यापासून सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवर फिरणारे ते उपग्रह आपल्याला पाहत नाहीत. ते फक्त सांगत असतात: मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजलेत. गाडीतलं यंत्र नुसतं ऐकतं. चार उपग्रहांची वेळ ऐकून, कुणाचा आवाज किती उशिरा पोचला यावरून, ते आपली जागा काढतं. हा उशीर सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजण्याइतका असतो. त्या उंचीवर घड्याळं पृथ्वीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात. आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार ती दुरुस्ती केली नाही, तर एका दिवसात दहा किलोमीटरच्या आसपास चूक साठेल. वाट दाखवणं हे मुळात वेळ नीट राखणं आहे, हे मला फार सुंदर वाटतं.

ही उपग्रहांची व्यवस्था अमेरिकेच्या लष्करानं स्वतःसाठी उभारलेली. पहिला उपग्रह १९७८ मध्ये गेला. इतरांना मिळणाऱ्या संदेशात मे २००० पर्यंत मुद्दाम चूक मिसळलेली असे, शंभर मीटरपर्यंतची. घाटात शंभर मीटर म्हणजे रस्त्यापासून दरीच्या तळापर्यंत. पुढे आपणही आपले सात उपग्रह सोडले, २०१३ ते २०१६ मध्ये, आणि त्या व्यवस्थेला ‘नाविक’ म्हटलं. दर्यावर्द्यांचा शब्द आहे, मला आवडतो.

पण उपग्रह फक्त आपण कुठे आहोत ते सांगतात. आपल्या पायाखाली रस्ता आहे की नाही, हे त्यांना ठाऊक नसतं. ते नकाशानं सांगायचं, आणि नकाशा मुळात माणसांच्या पायांनी झालेला आहे. विल्यम लँबटन १८०२ मध्ये मद्रासहून साखळ्या आणि अर्ध्या टनाचं थिओडोलाइट घेऊन निघाला. त्रिकोणाला त्रिकोण जोडत वीस वर्षं पुढे सरकत राहिला आणि १८२३ मध्ये काम चालू असतानाच आपल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. एवढ्या कष्टानं मोजलेली जमीन मात्र पावसाळ्यात वेगळी असते आणि उन्हाळ्यात वेगळी.

हे मला हिर्डोशीला कळलं. जुलैचा महिना. महाडला पोचायचं होतं आणि मोबाइलनं भोरवरून वरंधा घाटाची वाट काढून दिली, सगळ्यांत कमी वेळाची. पडद्यावर ती निळी रेघ कशी मोकळी, स्वच्छ दिसत होती. भोर सोडलं तेव्हा पाच वाजले होते. उजेड असा नव्हताच. नीरा देवघर धरणाचं पाणी धुक्यात कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते कळेना. समोरून एकही गाडी येत नाही, याचं मला बरंच वाटत होतं. आता आठवलं की अंगावर काटा येतो. आपल्या खिशातले फोन रस्त्यावर किती वेगानं सरकतात यावरून हे नकाशे गर्दी ओळखतात. जिथे गाड्याच नाहीत, तिथे कोंडीही नाही. कुणी कळवलं नसेल तर मोकळा रस्ता आणि बंद रस्ता त्यांना सारखेच.

हिर्डोशीला एका टपरीसमोर मी थांबले ते चहासाठी. निळ्या प्लॅस्टिकच्या कागदाखाली एक बाई चुलीपाशी बसली होती. डोक्यावर इरल्यासारखं पोतं घेतलेलं, हातात फुंकणी. मी काही विचारायच्या आत तिनंच विचारलं.

‘ताई, कुठं निघालाय एकट्या?’

‘महाडला.’

‘या वाटंनं? घाट बंद हाय. सकाळीच दरड आली खाली. यष्टी बी येत न्हाय चार दिवस झालं.’

मी मोबाइल दाखवला. तिनं पाहिलं, हसली नाही. ओला हात पदराला पुसून ती उठली आणि बाहेर येऊन डोंगराकडे बोट केलं. ‘त्यो वढा दिसतोय का? त्याचं पानी लाल झालं की वर माती सुटलीय म्हनायचं. आज सकाळपासनं लाल हाय.’ मी पाहिलं. दगडांवरून येणारं ते पाणी खरोखरच विटकरी होतं. येताना असे पाच-सहा ओढे मी ओलांडले होते आणि एकाचाही रंग पाहिला नव्हता. माझं लक्ष पडद्यावरच्या रेघेत होतं.

भोरला मुक्काम केला, सकाळी ताम्हिणीनं गेले. मागे वळल्यावर तो आवाज बराच वेळ सांगत राहिला, ‘शक्य असेल तेव्हा यू-टर्न घ्या.’ शेवटी मी तो बंद केला.

माझं निभावलं. सगळ्यांचं निभावत नाही. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात, रात्रीच्या वेळी, कळसूबाईकडे निघालेली एक गाडी नकाशा पाहत पाण्याखाली गेलेल्या पुलाच्या रस्त्यानं गेली. धरणाच्या पाण्यात तो पूल वर्षातले काही महिने बुडतो, हे तिथल्या गावकऱ्यांना ठाऊक होतं. एकाचा जीव गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात रामगंगेवरच्या पुलावरून गाडी कोसळून तिघं गेले. पुलाचा पुढचा भाग पुरानं आधीच नेला होता. अशा बातम्यांखाली लोक ‘डोळे नव्हते का?’ असं लिहितात तेव्हा फार वाईट वाटतं. अंधार, पाऊस, अनोळखी मुलूख, आणि कानाशी ठाम बोलणारा एक आवाज. डोळे असून माणूस त्या आवाजाच्या हवाली होतो. मीही झालेच होते. फलक लावायचं काम ज्यांचं होतं त्यांना आधी विचारायला हवं.

दुसरी एक हानी आहे, ती बातमीत येत नाही. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना परवान्यासाठी शहराच्या मध्यभागातले सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. त्यात तीन-चार वर्षं जातात. त्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला, असं तिथल्या संशोधकांनी २००० मध्ये दाखवलं. पुढे २०१७ मध्ये असंही दिसलं की यंत्राच्या सांगण्यावरून वळणाऱ्या माणसाच्या मेंदूतला हा भाग जवळजवळ गप्प असतो. मला ते वाचून नवल वाटलं नाही. मावशीच्या मुलीच्या घरी मी निदान वीसदा गेले असेन आणि अजून मला कुणाला तिचा पत्ता सांगता येत नाही. पूर्वी लग्नपत्रिकेच्या मागे हातानं काढलेला नकाशा असे. एसटी स्टँड, मग मारुतीचं देऊळ, मग पिंपळाचा पार, मग ‘मंडप’ असा बाण. त्या चार रेघांत ते गाव दिसे. आता आपण म्हणतो, ‘लोकेशन टाक.’ देऊळ आणि पार जागच्या जागी असतील, पण जाणारा त्यांच्या समोरून जातो आणि ते त्याला भेटत नाहीत.

कोकणात आजी चकव्याच्या गोष्टी सांगायची. रानात चकवा लागला की माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे पाहतो तर त्याच झाडाखाली. त्यावर तिचा उपाय एकच: चालणं थांबवायचं, खाली बसायचं, उजाडू द्यायचं.

अण्णा खंडाळ्याच्या जुन्या रस्त्यानं जाताना शिंग्रोबाच्या देवळापाशी गाडी हमखास हळू करत आणि एक नाणं टाकत. शिंग्रोबा हा धनगर. बोरघाटातून वर यायची वाट साहेबाच्या इंजिनिअरांना त्यानं दाखवली आणि त्यातच त्याचा जीव गेला, असं तिथले लोक सांगतात. वाटाड्याचा देव केलेला आहे आपण. त्याची बखर कुणी लिहिली नाही, तरी ड्रायव्हर लोक अजून हात जोडतात. मी एक्स्प्रेसवेनं जाते, त्यामुळे ते देऊळ माझ्या वाटेत येत नाही. मुद्दाम जायला हवं.

घाट बंद होता त्या वर्षी नोव्हेंबरात पुन्हा महाडला निघाले, तेव्हा मोबाइल चालू ठेवला आणि हिर्डोशीला थांबले. ऊन पडलं होतं, भातं कापून झाली होती, ओढ्याचं पाणी तळातले दगड मोजावेत इतकं नितळ. प्लॅस्टिकचा कागद काढलेला होता, त्यामुळे टपरी ओळखायला मला वेळ लागला. तिला मात्र लागला नाही. चहाचा कप पुढे करत ती म्हणाली,

‘त्या दिशी गेलासा का नीट? म्या दोनदा इचारलं हुतं यष्टीच्या कंडक्टरला, भोरात कुनाची गाडी अडकल्याली दिसली का म्हनून.’