टिपू वाढेना!

मैत्रिणींनो, बाळाचं वजन महिनाभर वाढलं नाही की आईचा जीव कसा खालीवर होतो, हे तुम्हांला सांगायला नको. पण कासवाच्या पिलासाठीही माझं तसंच होईल, असं कुणी म्हटलं असतं तर मी हसलेच असते!

आमचं बिऱ्हाड घोडपदेवच्या चाळीत, दोन खोल्यांचं. तीन वर्षांपूर्वी मुलांच्या हट्टापायी ह्यांनी बाजारातून दोन पिल्लं आणली. डोळ्यांमागे लाल पट्टा, आकार जुन्या रुपयाएवढा. विकणारा म्हणाला, "भांडं लहान ठेवा, कासवही लहानच राहील." मीही भोळी, विश्वास ठेवला! सासूबाई मात्र म्हणाल्या, "देवळातलं कासव बरं, त्याला खायला लागत नाही."

महिन्याच्या एक तारखेला मुलगी दोघांना कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची. वर्षभरात मोठीचं वर्तुळ नऊ सेंटिमीटरचं झालं. टिपूचं साडेचारच्या पुढे जाईना. पाठ दाबली तर मऊ लागे. एके सकाळी तो डोळे मिटून पडून राहिला आणि मुलाने डबा खाल्ला नाही. मग मात्र मी टबासकट परळचं बैलघोडा हॉस्पिटल गाठलं.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "खायला काय देता?" भात न् पोळी, मी सांगितलं, तेव्हा शरमेने मान खाली गेली. कवच म्हणजे वरून घातलेला डबा नव्हे. फासळ्या आणि पाठीचा कणा त्यातच जडलेले असतात. कॅल्शियम आणि ऊन मिळालं नाही तर ते मऊ पडतं. ऊन काचेतून आलेलं चालत नाही बरं का, उपयोगाचे किरण काच अडवते. शिवाय मोठी दांडगाई करून टिपूचा घास पळवत होती. लहान भांड्यात कासव लहान राहत नाही, नुसतं खुरटतं. ही जात अमेरिकेतली. मादी पंचवीस-तीस सेंटिमीटरपर्यंत जाते, नर लहानच राहतो.

तेव्हापासून दोघांचे टब वेगळे. सकाळी गॅलरीत ऊन, बाजूला सावलीही. टिपूच्या पाठीवरून पातळ पापुद्रे सुटू लागले तेव्हा मी पुन्हा घाबरले, पण ती वाढीची खूण निघाली. ते ओढून काढायचे नाहीत. मापही आता दोन्ही टोकांना पुस्तकं उभी करून मधलं अंतर मोजून घेते. पेन्सिल तिरकी झाली की आकडा फुगतो.

टब मात्र स्वयंपाकाच्या मोरीत धुऊ नका आणि मुलांचे हात साबणाने धुवा. कासवांच्या अंगावरच्या साल्मोनेला जंतूंमुळेच अमेरिकेत 1975 साली चार इंचांखालच्या पिल्लांची विक्री बंद केली. आणि पाठीवर चांदण्या असलेलं आपलं कासव कुणी आणून दिलं तर घेऊ नका. वन्यजीव कायद्याने ते घरात ठेवता येत नाही.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "मोठी आता टबात मावत नाही, बाणगंगेत सोडून द्या." ते तर मुळीच नाही! ही परकी जात तळ्यातल्या आपल्या कासवांचं अन्न आणि जागा बळकावते.

परवाच्या एक तारखेला मोठी एकोणीस भरली, टिपू अकरा. ही तीस वर्षंही जगतात म्हणे. सासूबाईंनी तोड काढली आहे, "पोरीच्या रुखवतावर मांडू दोघांना!"