वॉरंटीचे शेवटचे नऊ दिवस

वॉरंटी संपायला नऊ दिवस उरले तेव्हा मी गाडीच्या तक्रारींची यादी करायला बसले. मागची काच वर जाताना अडकते. पावसात डिकीत पाणी झिरपतं. आणि स्पीडब्रेकर उतरताना डाव्या चाकाकडून खट्ट असा आवाज येतो.

"कसला आवाज? नवी गाडी आहे," बाबा म्हणाले. गाडी त्यांची, रिटायरमेंटच्या पैशांतली. तिला नावं ठेवलेली त्यांना खपत नाहीत.

सर्व्हिस सेंटरवाल्यांचा आवडता शब्द म्हणजे 'नॉर्मल'. म्हणून मी हटूनच बसले: आधी सगळं जॉबकार्डवर लिहा, मग मेकॅनिकला घेऊन चक्कर मारू. (तोंडी सांगितलेली तक्रार वॉरंटी संपल्यावर कुणालाच आठवत नाही.)

मेकॅनिक माझ्या शेजारी, बाबा मागे. तिसऱ्या स्पीडब्रेकरला खट्ट!

"लिंक रॉड," तो लगेच म्हणाला. "वॉरंटीत होऊन जाईल."

बाबा मागून वाकून विचारत होते, "आला का आवाज?"

पार्ट दोन दिवसांनी आला. घरी येताना खट्ट नव्हतं. बाबांनी रेडिओ लावला, नेहमीसारखा मोठ्ठा. इतके दिवस मी तो चिडून बारीक करायचे. आज हात तिकडे गेला नाही.