ओर्चाच्या खोऱ्यात

लेखिका आयरिस ओरिगो २८ जून १९८८ रोजी गेली. माझी तिची ओळख पुस्तकांतली, तरी तिचं नसणं मला घरच्या माणसासारखं लागतं.

जन्म इंग्लंडचा, वडील अमेरिकन, वाढली फ्लॉरेन्सजवळ. १९२४ मध्ये आंतोनिओशी लग्न करून दक्षिण तस्कनीत, ओर्चाच्या खोऱ्यातल्या ला फोचे इथं आली. उघडेबोडके चिकणमातीचे डोंगर आणि अर्धेलीनं कसणारी कुळं. दोघांनी तिथं रस्ते केले, शाळा काढली, दवाखाना काढला. पण ती मालकीण होती. पिकाचा अर्धा वाटा वाड्यावर येई. तिच्यावर जीव जडला म्हणून हे नजरेआड करता येत नाही.

ती सात वर्षांची असताना वडील क्षयानं गेले. १९३३ मध्ये एकुलता मुलगा जानी मेनिंजायटिसनं गेला. तोही सातच वर्षांचा. त्यानंतर ती नेटानं लिहायला बसली.

१९४३ मध्ये बॉम्बहल्ल्यांनी बेघर झालेली तुरीन-जेनोआची मुलं तिनं घरी आणली. त्या धामधुमीत ती रोजनिशी लिही. कागद मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांत दडवलेले असत; पुढं ते बागेत पुरावे लागले. त्या पानांत कुळंच जास्त दिसतात. इटलीनं शरणागती पत्करल्यावर छावण्यांतून निसटलेले इंग्रज कैदी रानोमाळ झाले. त्यांना आसरा देणं म्हणजे जिवावरचं काम. तरी ज्या बायकांचे स्वतःचे मुलगे आघाडीवर बेपत्ता होते, त्यांनीच या परक्या पोरांना पाव दिला, मुलाचे कपडे दिले. आपल्या लेकालाही कुठंतरी कुणी असंच जेवू घालत असेल, एवढीच आशा.

२२ जून १९४४ ला जर्मनांनी ला फोचेचं तळघर रिकामं करायला लावलं. तिथं आसऱ्याला असलेली साठेक माणसं, त्यांत तान्ही बाळंही, मोंतेपुल्चानोकडे पायी निघाली. कडेला सुरुंग, म्हणून रस्त्याच्या मधून चालायचं. एकमेकांत अंतर ठेवायचं. गाव जवळ आलं तशी तिथली माणसं सामोरी आली आणि दमलेली पोरं त्यांनी खांद्यावर घेतली. इथं मी दर वेळी थांबते.

युद्धानंतर अर्धेली मोडली. कुळं शहरांकडे गेली, शेतघरं ओस पडली. ते व्हायलाच हवं होतं. अर्ध्या वाट्यावर कुणी का जगावं? पण त्या शेतघरांत आता प्रवासी उतरतात, सायप्रस झाडांच्या नागमोडी वाटेचे फोटो काढतात. कुठल्या चुलीपाशी कोणता कैदी जेवला, हे त्यांना सांगणारं तिथं कुणी नाही. तिनं त्या कुळांबद्दल आणखी चार पुस्तकं लिहायला हवी होती.