नख लावणारे हात

मी खोपोलीच्या बाजूला एका कागद गिरणीत आहे. कंत्राटी. रात्रपाळी सुटली की खोपोलीहून कर्जतची गाडी धरतो, पळसदरीला उतरतो. अंगाला लगद्याचा वास, खिशात वही. कधी कविता उतरते, कधी नाही. आज कवितेचं नाही, लाल भोपळ्याचं लिहितो. हसणारांनी हसून घ्यावं.

तीन वर्षांमागची गोष्ट. १४ ऑक्टोबर, धम्मचक्र प्रवर्तन दिन. बौद्धवाडीत आम्ही पोरांनी व्याख्यान ठेवलं, गाणी ठेवली, मागून सगळ्यांना जेवण. वर्गणी मंडप नि लाऊडस्पीकरात गेली. भाजीला पैसा उरेना. मी म्हटलं, आमच्या छपरावर आजीचे पाच भोपळे आहेत. आजी गावाला गेलेली. विचारायचं कोणाला? चढलो नि पाचही पिरगाळून उतरवले.

दिसायला केवढे! हिरवे, तुकतुकीत. कापले तर आत फिकट. बिया चपट्या, बोटात दाबल्या की पिचायच्या. भाजीला पाणी सुटलं. गूळ टाकला, मसाला टाकला. चव आली नाही ती नाहीच. साठ माणसं जेवली. कोणी बोललं नाही. उपाशी पिढ्यांची माणसं ताटाला नावं ठेवत नाहीत.

आजी दुसऱ्या दिवशी आली. रिकाम्या छपराकडं बघत उभी राहिली. मग म्हणाली, "बाबासायबाच्या नावानं घेतलंस, त्याचं मला काय नाय. पर कवळं तोडलंस. बी बुडवलंस की रं. आता पावसाला काय लावू?"

कवळ्या भोपळ्याचं बी रुजत नाही. हे मला, एवढी पुस्तकं वाचलेल्याला, माहीत नव्हतं. ते बी आजीच्या आईकडून आलेलं. जमीन आमच्याकडं कधी नव्हती, वारसा म्हणून एवढंच होतं. नशीब की कर्जत स्टेशनबाहेर भाजी विकणाऱ्या एका ठाकर बाईला आजीनं मागं बी दिलं होतं. तिनं मूठभर परत आणून दिलं. आपलं वाटलेलंच वाचलं.

पुढच्या वर्षी आजीनं मला हाताला धरून शिकवलं. आधी देठ बघ. हिरवा, रसाळ असेल तर हात लावू नको. सुकून लाकडासारखा झाला की समज. मग कातडी. तुकतुकी गेली पाहिजे, वर पांढरट राख धरल्यासारखी दिसते. जमिनीला टेकलेला भाग पांढरा असेल तर कवळा, पिवळा पडला तर जून. बोटाच्या पेरानं वाजव, पोकळ वाजला पाहिजे. फळ धरल्यापासून दीड-दोन महिने तरी लागतात. तोडताना कोयत्यानं, तीन-चार बोटं देठ ठेवून. देठ तुटला की तिथनं सड शिरते. मग आठ-दहा दिवस उन्हात, नंतर कोरड्या जागी पेंढ्यावर. महिनाभर ठेवला तर आणखी गोड होतो. उन्हाळ्यापर्यंत पुरतो. काम नसलेल्या दिवसांत मूठभर सुकट टाकून तोच आमचं कालवण.

"आन नख?" मी विचारलं. बाजारात सगळे नखच लावतात.

"जून असंल तर नख शिरत नाय. कवळा असंल तर जखम व्हती, तिथनं सडतो. गिऱ्हाइकाचं काय जातं? नख लावून निघून जातं."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय.

मित्रांनो, हा भोपळा मूळचा इथला नाही. अमेरिका खंडातला. कोलंबसानंतर जहाजांतून जगभर गेला, आपल्याकडं आला. त्याला सोवळ्याच्या स्वयंपाकघरात जागा मिळाली, घारगे झाले, नैवेद्य झाला. समुद्रापलीकडून आलेल्याची जात कोणी विचारली नाही. आणि इथल्याच मातीतल्या माणसांना ओंजळभर पाण्यासाठी २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर जावं लागलं. आमच्याच जिल्ह्यात. तेव्हाही शहाणे म्हणतच होते, घाई करू नका, समाज अजून तयार नाही.

गिरणीत मला तेच ऐकवतात. चार वर्षं मशीनवर आहे. कागद कुठं फाटणार हे आवाजावरून सांगतो. पर्मनंटचं काढलं की साहेब म्हणतो, "अजून तयार व्हायचंय तुला." सात महिने झाले की ब्रेक, परत नवा माणूस म्हणून भरती. दर वेळी नवं नख.

मी घाई केली होती, कबूल. आजीचं बी बुडवलं, त्याची लाज आहे. पण भोपळा पिकला का, ते देठ सांगतो. गिऱ्हाईक नाही. आमची तयारी आमच्या हातांवर दिसते. ज्याला कमी भावात न्यायचंय त्याच्या तोंडून ती कशी कळणार?

मागच्या महिन्यात आम्ही बारा जणांनी अर्जावर सह्या केल्या. दोघांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. उरलेले दहा जण अजून मागं सरलेलो नाही. पुढं काय होईल ते होईल.

यंदा छपरावर सात भोपळे आहेत. दोघांचे देठ सुकलेत. आजी म्हणाली, पहिला बियाण्याला, दुसरा त्या दोघांच्या घरी दे.

उद्या सुट्टी आहे. कोयता घेऊन चढणार आहे.

जयभीम.