सावकाश

मुलगा बारावीला गणितात नापास झाला, तेव्हा पंधरा दिवस मी त्याच्याशी धड बोललो नाही. गणित शिकवणाऱ्याचाच मुलगा!

त्याच सुमारास वर्गात क्रिलॉव्ह पद्धती शिकवीत होतो. समीकरणे लाखांत गेली, की एकेक अज्ञात काढून टाकण्याची शाळेतली रीत संगणकालाही जड जाते. इथे वाट निराळी. आधी एक अंदाज धरायचा, तो किती चुकला ते पाहायचे. त्या चुकीलाच मॅट्रिक्सने पुन्हा पुन्हा गुणायचे आणि त्यातून मिळणाऱ्या दिशांनी उत्तराकडे सरकायचे. असा गुणाकार रशियन नौका-अभियंते अलेक्सेई क्रिलॉव्ह यांनी १९३१ मध्ये वेगळ्या गणितासाठी वापरला होता.

१९५२ मध्ये हेस्टेनिस आणि स्टीफेल यांनी या घराण्यातली एक पद्धत मांडली. कागदावर ती ठरावीक पायऱ्यांत अचूक उत्तर देते. संगणकात आकडे तुटतात, तिथे ते जमेना. म्हणून ती मागे पडली. १९७१ मध्ये जॉन रीड यांनी दाखवले, की अचूकतेचा हट्ट सोडला, तर बहुतेक शून्ये असलेल्या मोठ्या मॅट्रिक्ससाठी थोड्याच पायऱ्यांत कामापुरते उत्तर मिळते.

हे सांगताना माझ्याच हातातला खडू थांबला.

घरी आलो, तर सासूबाई नातवाजवळ बसून म्हणत होत्या, “सावकाश माडप्पा.” दोन्ही भाषांत तोच शब्द, तो मलाच सुचला नव्हता.

“कुठे अडतोस, दाखव बघू,” मी म्हणालो.

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि वही पुढे सरकवली.