देलवाड्याचे लाघव

अबू पर्वतावरील देलवाड्याची मंदिरे बाहेरून पाहताना यात्रेकरूची प्रथम किंचित निराशाच होते. भिंती साध्या, उंची बेताची. उंबरठा ओलांडताच मात्र शुभ्र संगमरवराचे निराळेच विश्व समोर उभे राहते. विमलशाहांनी इ. स. १०३१ मध्ये उभारलेली आदिनाथांची विमलवसही येथे आहे; आणि वस्तुपाल-तेजपाल या मंत्रिबंधूंनी दिवंगत बंधू लूणिग यांच्या स्मरणार्थ १२३० मध्ये बांधलेली नेमिनाथांची लूणवसहीही.

लूणवसहीच्या रंगमंडपात छताच्या मध्यातून दगडाचे कमळ अधोमुख लोंबते. त्याच्या पाकळ्या पाहताना हा दगड आहे याचाच विसर पडतो. कारागिरांना त्यांनी घासून काढलेल्या भुकटीच्या वजनावर मजुरी मिळे, अशी कथा तेथे सांगतात. कथा म्हणूनच ती ऐकावी. परंतु काढून टाकलेल्याचेही मोल असते, हे तिने अचूक हेरले आहे.

अशा कौशल्यासाठी संस्कृतात ‘हस्तलाघव’ हा शब्द आहे. ‘लघु’ म्हणजे हलका; त्यावरून ‘लाघव’. हाताला भार नाही आणि पाहणाऱ्याला श्रम दिसत नाहीत, अशी ही सहजता. मराठीतील ‘लाघवी बोलणे’ही असेच, मनावर ओझे न घालता ते जिंकणारे. पुढे मात्र शब्दाची घसरण झाली. आज हस्तलाघव म्हटले की पुष्कळांना जादूगाराची हातचलाखीच आठवते.

जैन आगमांत या शब्दाचे स्थान फार उंच आहे. स्थानांगसूत्रातील दशविध श्रमणधर्मांत क्षमा, मार्दव, आर्जव यांच्या पंक्तीत लाघवही आहे. बाह्यतः लाघव म्हणजे जवळच्या वस्तू अल्प असणे. अंतरंगात, ‘गौरवा’चा त्याग. व्यवहारात गौरव म्हणजे सन्मान. येथे मात्र ‘गुरु’ म्हणजे जड, म्हणून गौरव हा अभिमानाचा जडपणा. वैभवाचा अभिमान तो ऋद्धिगौरव.

लूणवसहीच्या हस्तिशालेत मंत्रिपरिवाराच्या मूर्तीही आहेत. एवढे वैभव धर्मकार्यी वेचणाऱ्यांनाही आपली स्मृती मागे ठेवावीशी वाटली. दगडातील भार छिन्नीने उतरतो. मनातील गौरव उतरवणे त्याहून कठीण. देणगीच्या पाटीवर आपले नाव शोधणाऱ्या प्रत्येक भाविकाने रंगमंडपातील त्या कमळाखाली क्षणभर थांबावे. ते ज्यांनी कोरले, त्या असंख्य हातांची नावे तेथे कोठेही दिसत नाहीत.